कोड दुरुस्त करता येतो का ते आधी बघा, सर्टिफिकेट नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या करिअर पुरवणीत आयटीच्या सर्टिफिकेशनवर पानभर माहिती आली होती, कुठली परीक्षा द्यावी, फी किती, त्यानंतर पगार किती वाढू शकतो वगैरे. माहिती चांगली होती, माझ्या भाचीने कापून ठेवलीय. पण त्यात एक बाजू आलीच नाही, ती म्हणजे जे लोक वर्षानुवर्षं हेच काम करतात आणि तरी ह्या परीक्षेत नापास होतात त्यांची. मी त्यातली एक आहे. जावा ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत दहा-बारा वर्षं काम करते, नाशिकच्या अंबड भागातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत, आणि ह्या वर्षी जावाच्या सर्टिफिकेशनमध्ये थोडक्यात राहिले. अप्रेझलमध्ये सीनियरची पोस्ट त्या सर्टिफिकेटला जोडलेली होती, सर्टिफिकेट नाही म्हणून पोस्ट नाही, आणि माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा ती परीक्षा पास झाला म्हणून तो आता सीनियर आहे. त्या मुलाबद्दल मला काही म्हणायचं नाही, चांगला मुलगा आहे. मला म्हणायचंय ते ह्या पद्धतीबद्दल, कारण हे माझ्या एकटीचं नाही, नाशिकमध्ये माझ्या ओळखीतच असे कितीतरी जण आहेत आणि ते बोलत नाहीत, नापास झालो हे सांगायला लोकांना लाज वाटते.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते. सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांना पुणे-बंगळूरच्या काचेच्या बिल्डिंगा आठवतात, इथलं सगळंच काम तसं नाही. आमचे क्लायंट म्हणजे पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष पॅकहाउसवाले, लासलगावकडचे कांदा व्यापारी, सातपूरचे पार्ट बनवणारे छोटे कारखानदार. कांद्याच्या हिशोबपट्टीचं घ्या. ट्रॅक्टर भुईकाट्यावर येतो, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ किती क्विंटल, लिलावात काय भाव फुटला, मग हमाली तोलाई जे काय असेल ते, आणि सगळ्यात खाली शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. दिसायला चार ओळींचं गणित आहे. पण हेच गणित जावातल्या डबल नावाच्या आकड्याच्या प्रकारात केलं की पैशापैशाचा फरक पडायला लागतो, कारण कॉम्प्युटरला ०.१ हा आकडा बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये, पूर्ण लिहिताच येत नाही. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा, ०.३ येत नाही, ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं येतात आणि मग एक ४ येतो. एका पट्टीत हे कुणाला दिसत नाही, सीझनभराच्या पट्ट्यांची बेरीज मुनीमजींच्या वहीशी लावली की दिसतं. म्हणून पैशाला बिगडेसिमल हा दशमान आकड्यांचा प्रकार वापरायचा, आणि त्यातही २.० आणि २.०० सारखे आहेत का हे इक्वल्स ह्या तपासणीने विचारलं तर वेगळे निघतात, कंपेअरटू ही दुसरी तपासणी वापरली तर सारखे निघतात, हे माहीत असावं लागतं. आणि राउंडिंग कुठल्या पायरीला करायचं, हमाली कापायच्या आधी का नंतर, हे तर कुठल्याच पुस्तकात नाही, ते गाळ्यावर जाऊन व्यापाऱ्याला आणि त्याच्या मुनीमजींना विचारूनच ठरवावं लागतं, आणि दोघं वेगवेगळं सांगतात तेव्हा दोघांना समोरासमोर बसवावं लागतं.

आता परीक्षा कशी असते ते. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असं आधी मान्य करावं लागतं, ते मी पाळते, म्हणून खरे प्रश्न सांगत नाही, त्या जातीचे सांगते. एक दहा-पंधरा ओळींचा कोड दाखवतात आणि विचारतात की आउटपुट काय येईल, पर्यायांमध्ये एक-दोन उत्तरं, एक 'कंपाइल होणार नाही' (म्हणजे चालायच्या आधीच कोड नाकारला जाईल), एक 'चालताना एरर येईल'. मग बघायचं असतं की ०१० लिहिलंय ते दहा नाही, आठ आहे, कारण पुढे शून्य लावला की जावा तो आकडा अष्टमान पद्धतीत वाचते. प्लस प्लस म्हणजे एकाने वाढव, पण आय बरोबर आय प्लस प्लस लिहिलं तर आय वाढतच नाही. ट्राय म्हणजे करून बघायचा भाग, फायनली म्हणजे त्यानंतर चालणारा शेवटचा भाग, तर ट्रायमध्ये पण रिटर्न (उत्तर परत देणं) आहे आणि फायनलीमध्ये पण रिटर्न आहे तर फायनलीमधला चालतो. आकड्यांच्या लिस्टला रिमूव्ह १ सांगितलं तर १ हा आकडा जात नाही, १ नंबरच्या जागेवरचा जातो, आणि मोजणी शून्यापासून असल्यामुळे तो दुसरा असतो. ब्रेकच्या, म्हणजे इथून बाहेर पड सांगणाऱ्या ओळीच्या, खाली एखादी ओळ राहिली असेल तर तिथे पोचताच येत नाही म्हणून कंपाइलच होत नाही. कामाच्या ठिकाणी ह्यातल्या कितीतरी गोष्टी कोड लिहायचा एडिटर लिहिता लिहिताच लाल रेघ मारून दाखवतो, परीक्षेत ती लाल रेघ स्वतःच्या डोक्यात ओढायची असते, आणि एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत.

हे सगळं फालतू आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. आम्हाला एकदा एका बाजार आवारातल्या आवक नोंदीचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायला मिळालं होतं, आधी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं. दिवसाची पहिली गाडी १ नंबर, दुसरी २ नंबर असं चालायचं. हिवाळ्यात सगळं नीट. उन्हाळ कांद्याची आवक वाढली आणि तक्रार सुरू झाली की दुपारनंतरच्या गाड्यांची वजनं त्यांच्या नोंदीला लागतच नाहीत. सकाळच्या लागतात, दुपारच्या नाही. लोक म्हणायला लागले काटाच खराब आहे, कुणी म्हणे केबल गरम होते. मी लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप केलेल्या नोंदी, काढून बघितले तर १२७ नंबरपर्यंत सगळं बरोबर आणि १२८ पासून एकही जुळत नव्हतं. जावामध्ये इंटिजर, म्हणजे पूर्णांक, हा ऑब्जेक्ट असतो, म्हणजे मेमरीत ठेवलेली एक वेगळी वस्तू, आणि उणे १२८ ते १२७ एवढे आकडे जावा आधीच तयार करून ठेवते आणि तेच परत परत देते, त्याच्या बाहेरच्या आकड्याला साधारणपणे दर वेळी नवीन ऑब्जेक्ट बनतो. कोड लिहिणाऱ्याने दोन इंटिजर डबल इक्वलने (==) तपासले होते, म्हणजे आकडा तोच आहे का हे न विचारता ऑब्जेक्ट तोच आहे का हे विचारलं होतं. तिथे इक्वल्स लावलं आणि काटा बरा झाला. तर हा प्रश्न परीक्षेच्या अभ्यासक्रमातला आहे आणि तो तिथे असलाच पाहिजे. पण परीक्षेत ह्या प्रश्नाला 'फॉल्स' (सारखे नाहीत) असं उत्तर दिलं की मार्क मिळतो. आवारात उभं राहून शंभर लोक काट्याला दोष देत असताना लॉगमध्ये १२८ शोधायचा, ह्याला मार्क द्यायची सोय त्या परीक्षेत नाही.

मग मी नापास कुठे झाले? रिझल्टच्या कागदावर कुठल्या विषयात कमी पडलात एवढंच येतं, कुठला प्रश्न चुकला ते कळत नाही. माझे मार्क गेले ते मॉड्युल (मोठ्या प्रोग्रामचे वेगळे बांधलेले भाग), सील्ड क्लास (ज्याच्यावरून ठरावीक क्लासच पुढे बनवता येतात) असल्या विषयांत. जावा ९ बरोबर २०१७ मध्ये मॉड्युल सिस्टीम आली. जावा ८ त्याच्या आधीची, २०१४ ची, आणि आमचे बरेच क्लायंट अजून जावा ८ वर आहेत, कारण त्यांचं सॉफ्टवेअर त्यावर लिहिलंय, नीट चालतंय आणि बदलायचा खर्च कोण करणार. मी दिलेली परीक्षा जावा १७ ची होती, म्हणजे २०२१ ची. मॉड्युलसाठी कमांड लाइनवर, म्हणजे हुकूम टाइप करून देतात तिथे, कुठले ऑप्शन द्यायचे हे मी पुस्तकातून वाचलं, पाठ केलं, पण जी गोष्ट रोज हाताखालून जात नाही ती परीक्षेच्या घाईत आठवत नाही. आणि रोजच्या कामात ती लागली तर मी जावाची माहितीची कागदपत्रं नेटवर उघडून दहा मिनिटांत बघीन, तसंच तर सगळे करतात, आणि आता तर एआयला विचारलं तरी ऑप्शनची नावं समोर येतात. नावं आठवणं स्वस्त झालंय, आलेलं उत्तर आपल्या कोडमध्ये बसतं का हे ओळखणं महाग झालंय, आणि हे गेल्या दोन-तीन वर्षांत इतकं उघड झालं असताना बढती मात्र नावं आठवण्यावर ठरते ह्याचा मला खरंच राग येतो.

ह्यात डंप्सचा विषय घ्यावाच लागेल, पुरवणीत तो अजिबात नव्हता. डंप्स म्हणजे परीक्षेतले खरे किंवा खऱ्यासारखे प्रश्न उत्तरांसकट फिरत असतात, पीडीएफ असतात, व्हॉट्सअॅपवर येतात. ते वापरणं नियमाबाहेर आहे, सापडलं तर परीक्षा घेणाऱ्या कंपन्या सर्टिफिकेट रद्द करू शकतात. तरी सर्रास चालतं, काही क्लासवाले 'पास गॅरंटी' म्हणतात त्याच्यामागे बऱ्याचदा हेच असतं. ह्यातून पास झालेला एक फ्रेशर आमच्याकडे आला होता, सर्टिफिकेट चकचकीत, पण प्रोग्राम बंद पडल्यावर जो स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठे झाली ते दाखवणाऱ्या ओळी, येतो तो वरून वाचायचा का खालून, त्यात आपली फाइल कुठली आणि लायब्ररीची (दुसऱ्यांच्या तयार कोडची) कुठली, हे त्याला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. नल पॉइंटरचा, म्हणजे रिकाम्या गोष्टीला हात लावल्याचा, एरर आला की तो पूर्ण मेसेज न वाचता विंडो बंद करायचा. नव्या जावामध्ये तर कुठली गोष्ट नल आहे हे मेसेजमध्येच लिहून येतं. त्या पोराची कीव येते, घरच्यांनी पैसे भरले, क्लासने पाठ करून घेतलं, आणि पहिल्याच महिन्यात त्याचा आत्मविश्वास गेला.

कंपन्यांना सर्टिफिकेट का हवं असतं हेही मला माहीत आहे. टेंडरमध्ये अट असते की एवढे सर्टिफाइड इंजिनिअर दाखवा. मोठ्या क्लाउड (सर्व्हर भाड्याने देणाऱ्या) कंपन्यांच्या पार्टनर प्रोग्राममध्ये वरची पायरी पाहिजे तर सर्टिफाइड माणसांची संख्या लागते. म्हणजे कंपनीच्या धंद्यासाठी तो कागद लागतो. ठीक आहे, मग सरळ तसं सांगा, फी कंपनीने भरा, अभ्यासाला वेळ द्या, आणि पास झालेल्याला वेगळा भत्ता द्या. तो कागद लायकीचं माप म्हणून बढतीला लावू नका. ह्या परीक्षांची फी डॉलरमध्ये ठरते, मोठ्या परीक्षांची आपल्याकडे येईपर्यंत दहा-वीस हजारांच्या घरात जाते, नापास झालं की बऱ्याच ठिकाणी १४ दिवस थांबायचं आणि पुन्हा पूर्ण फी भरायची. क्लाउडची सर्टिफिकेटं तर कुणाची तीन वर्षांत संपतात, कुणाची दोन, कुणाची एकाच वर्षात.

घरून परीक्षा देता येते म्हणतात, येते, पण त्यासाठी खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, टेबल रिकामं पाहिजे, कॅमेरा सगळीकडे फिरवून दाखवायचा, मोठ्याने वाचायचं नाही. सिडकोच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दोन मुलं असताना दोन तास एक खोली बंद ठेवणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

माझे वडील सातपूरला टर्नर होते, आता रिटायर झालेत. ते सांगतात की कुठल्याही कारखान्यात टर्नर घ्यायचा तर आयटीआयचं सर्टिफिकेट बघायचे, पण तेवढ्यावर कुणी घेतलं नाही. ड्रॉइंग हातात द्यायचे, रॉडचा तुकडा द्यायचे, लेथवर उभं करायचे आणि म्हणायचे जॉब (तो पार्ट) काढून दाखव. मग फोरमन मायक्रोमीटर लावून माप बघायचा. टूल कसं बांधलं, चकमध्ये जॉब किती बाहेर ठेवला, घाई केली का, हे तो लांबून बघतच असायचा. माझ्या वडिलांना लेथचे सगळे गिअर रेशो तोंडपाठ होते असं नाही, तक्ता मशीनवरच लावलेला असायचा. ज्या गावात हे पन्नास वर्षं चाललंय त्याच गावात, सॉफ्टवेअरवाल्याला मात्र मशीनपासून लांब बसवून, तक्ता झाकून विचारतात.

आणि असं करायलाच लागतं असंही नाही. जगात हाताने काम करून दाखवायच्या परीक्षा आहेत. लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करणाऱ्या रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए घ्या, त्यात पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीन समोर देतात, सांगितलेली कामं करायची आणि शेवटी ती मशीन नीट चालते का ते तपासतात, ३०० पैकी २१० लागतात. कुबरनेटिस, म्हणजे अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवायची प्रणाली, तिची सीकेए नावाची परीक्षा आहे, दोन तास, सगळं टर्मिनलवर हुकूम टाइप करून करायचं, ६६ टक्क्यांना पास, आणि परीक्षा चालू असताना कुबरनेटिसची अधिकृत कागदपत्रं उघडून बघायला परवानगी आहे. त्या परीक्षा सोप्या नाहीत, चांगले चांगले लोक त्यात अडकतात, पण त्यात नापास झालेला माणूस म्हणू शकत नाही की मला काम येतं आणि परीक्षेने ते बघितलंच नाही. तुमच्या पुरवणीत ह्या दोन्ही प्रकारच्या परीक्षा एकाच यादीत, एकाखाली एक दिल्या होत्या, पोरांना आणि आईवडिलांना फरक कळणार कसा?

एक गोष्ट उलट बाजूची पण सांगितली पाहिजे. सुरगाणा, पेठ, कळवणकडून आलेली मुलं आहेत, मुक्त विद्यापीठातून नोकरी करत करत डिग्री घेणारी आहेत, ज्यांचं कॉलेज मोठं नाही, ओळख नाही, इंग्रजी बोलताना अडखळतात. त्यांच्या रेझ्युमेकडे कुणी बघत नाही. त्यांच्यासाठी असं सर्टिफिकेट म्हणजे निदान आत बोलावून घ्यायला एक कारण असतं. त्यांना मी कधीच म्हणणार नाही की देऊ नका. म्हणीन की द्या, पण डंप्सवर देऊ नका, आणि अभ्यास करताना प्रत्येक प्रश्न स्वतः टाइप करून, चालवून, मोडून बघा. माझा स्वतःचा फायदा त्यातच झाला, अभ्यासात मी कितीतरी गोष्टी शिकले ज्या मी वर्षानुवर्षं अंदाजाने वापरत होते. आणि मी परत बसणार आहे परीक्षेला, टाकून दिलेली नाही.

पण नाशिकच्या कंपन्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बढती किंवा भरती करायची तर एक तास काढा. तुमच्याच एखाद्या जुन्या प्रोजेक्टमधला बिघडलेला तुकडा घ्या, नावं बदला, लॅपटॉप द्या, नेट चालू ठेवा, कागदपत्रं बघू द्या, आणि सांगा की हे का चालत नाही ते शोध, दुरुस्त कर आणि मला समजावून सांग. टीममधले दोघं बाजूला बसा. सगळ्यांना तोच तुकडा, तोच वेळ. मराठीत समजावलं तरी चालेल असं आधीच सांगा, कारण बग (कोडमधली चूक) मराठीत पण तोच असतो. सर्टिफिकेट असेल तर त्याचे वेगळे चार मार्क जास्त द्या, माझी हरकत नाही.

आणि कॉलेजांना, पॉलिटेक्निकलाही सांगणं आहे, कारण हे सुरू तिथून होतं. थिअरीच्या पेपरात अजूनही प्रोग्राम पेनाने कागदावर लिहून घेतात. प्रॅक्टिकलच्या फायली बऱ्याच जणांच्या एकमेकांच्या बघून झालेल्या असतात, ओरलला व्याख्या विचारतात, आणि पोरगं चार वर्षांत दुसऱ्याने लिहिलेला मोडका कोड एकदाही उघडत नाही, जे त्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून करायचंय. सबमिशनमधले निदान दोन प्रयोग असे ठेवा की प्रोग्राम आधीच लिहिलेला आहे, मोठा आहे, आणि कुठेतरी चुकतोय. असे प्रोग्राम आमच्याकडे खूप आहेत, इंटिजरवाला आहे, पैशाच्या राउंडिंगचा आहे, तारखेच्या गोंधळाचे तर कितीतरी. नाशिकमधल्या कुठल्याही कॉलेजला पाहिजे असतील तर ऑफिसची परवानगी घेऊन, क्लायंटची सगळी माहिती काढून मी तयार करून देईन आणि पहिल्या बॅचबरोबर स्वतः बसायलाही येईन, शनिवारी मला सुट्टी असते. माझा पत्ता तुमच्या कार्यालयात दिलेला आहे.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक